‘फेल’ शेरा मारलेली एसएसडी : पारोळ्याच्या स्टुडिओतल्या नोंदी

३ मे, शनिवार

सकाळी सव्वासातला दादाचा फोन. काल संध्याकाळी पारोळ्यात वादळ झालं, दहा मिनिटांत तीनदा लाइट गेली-आली. तेव्हापासून स्टुडिओतला डबा, म्हणजे शूटिंग साठवायचा कॉम्प्युटर, सुरू होतो, पण लग्नांचा फोल्डर दिसत नाही. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आखाजी बुधवारी झाली, लग्नसराई ऐन भरात आहे आणि अकरा लग्नांचं शूटिंग त्या डब्यात. धुळ्याहून नऊची एसटी धरली.

डबा मीच २०२२ च्या दिवाळीत बांधून दिलेला. जुनं कॅबिनेट, लिनक्स, एक-एक टीबीच्या तीन एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क, आणि तिघी मिळून रेड-५, म्हणजे एकच गट, त्यालाच अ‍ॅरे म्हणतात. डेटाबरोबर पॅरिटी, म्हणजे हरवलेला भाग परत काढता येईल असा हिशेब, तिघींवर वाटून ठेवलेला. वापरायला दोन टीबी, आणि तिघींतली एक गेली तरी काम थांबत नाही. आज पाहिलं तर अ‍ॅरेच्या ओळीत कंसात एक ‘यू’ आणि त्यापुढे दोन आडव्या रेघा. पहिली डिस्क जागेवर, दुसरी आणि तिसरी ‘फेल’. एक गेली तर चालतं, दोन गेल्या की खेळ खलास.

मावशी दारातूनच, “बठ्ठं गयं का रे भो?”

“थांब ना मावशी, आत्ता कुठे बघतोय.”

रात्री कुणीतरी दादाला फोनवरून सल्ला दिला होता, की अ‍ॅरे नव्याने ‘क्रिएट’ कर, सगळं परत येईल. दादाने केलं नाही हे आमचं नशीब. क्रिएट केलं की डिस्कवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. डिस्कचा क्रम किंवा डेटा जिथून सुरू होतो ती जागा जरा इकडची तिकडे झाली, की जुन्या डेटावर चुकीचं गणित मांडलं जातं. आज मी काहीही दुरुस्त केलं नाही. प्लग काढला, डिस्कवर मार्करने १, २, ३ लिहिलं आणि जेवायला बसलो.

बॅकअप फेब्रुवारीतला. “सराई संपली की घेऊ” असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होतो.

४ मे, रविवार

कॅबिनेट उघडल्या उघडल्या वास आला. जळक्या वायरचा उग्र वास नाही. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या सीटसारखा, गोडसर. एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, डिस्कचे साटा पॉवर प्लग कमी होते, म्हणून जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगमधून एक वाय केबल काढली होती. एका टोकातून दोन डिस्कना पॉवर. केबल ऐंशी रुपयांची. आणली मीच.

तिचा एक प्लग पांढऱ्याचा तपकिरी झालेला. नखाने दाबला तर कड मऊ लागली. ३ नंबरच्या डिस्कच्या पॉवर पिनांपैकी दोन काळ्या. हे प्लग दोन प्रकारचे येतात. एकात वायर वेगवेगळ्या खोबणीत दाबून बसवलेल्या असतात. दुसऱ्यात सगळ्या वायर साच्यात धरून वर प्लास्टिक ओतलेलं असतं. आत दोन वायर किती जवळ आल्यात ते बाहेरून कळत नाही. प्लास्टिक तापून सैल झालं की पाच व्होल्टची वायर आणि ग्राउंडची वायर एकमेकींना भेटतात. आमचा दुसऱ्या प्रकारचा. खोलीत मे महिन्याची दुपार आणि वरून पत्रा, हे वेगळंच.

म्हणजे एका वेळी दोन डिस्क पडल्या तो योगायोग नव्हताच. कागदावर तीन वेगळ्या डिस्क होत्या, पण त्यांतल्या दोघी एकाच वायरीवर लटकत होत्या.

२ आणि ३ दुसऱ्या पीसीला, सरळ एसएमपीएसच्या प्लगवर लावल्या. ३ नंबर बायोसलाही, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमलाही, दिसेना. २ नंबर मात्र पहिल्या झटक्यात वर आली, जणू काही झालंच नाही. तिच्या आणि १ नंबरच्या नोंदी ताडून पाहिल्या. अ‍ॅरेत काही बदल झाला की प्रत्येक डिस्कवर घटनांचा आकडा पुढे सरकतो. १ नंबरचा ४८,२११, २ नंबरचा ४८,१९३. अठरा घटनांचं अंतर म्हणजे दोघी जवळजवळ एकाच क्षणाला थांबलेल्या.

रात्री दोन्ही डिस्कची डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पूर्ण प्रत चार टीबीच्या हार्ड डिस्कवर. एकेका डिस्कला सुमारे दोन तास लागले. वाचताना एकही चूक नाही. यापुढे हात लावायचा तो प्रतींना.

५ मे, सोमवार

प्रतींवरून अ‍ॅरे जबरदस्तीने जोडला. तिघींपैकी दोन होत्या, तिसरीचा भाग पॅरिटीतून निघाला. फाइल सिस्टिमची दुरुस्ती वीस मिनिटांत. १.३ टीबी दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवायला अख्खी दुपार गेली. लाइट गेली तेव्हा कॉपी होत असलेल्या एका वरातीच्या दोन क्लिप तेवढ्या अर्धवट. दादाने कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं, मिटलं. मावशीने शेवभाजी केली होती. रस्सा इतका जहाल, की कीबोर्डला दोन तास हात लावला नाही.

९ मे, शुक्रवार

२ नंबर धुळ्याला घेऊन आलो. अ‍ॅरेने तिच्यावर ‘फेल’ असा शेरा मारलाय, पण त्या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की “मी हाक मारली, हिने ओ दिली नाही”. का दिली नाही, ते अ‍ॅरेला ठाऊक नसतं. ते डिस्कच्या स्मार्ट नोंदीतून, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतून, काढावं लागतं.

चालू तास २१,३४०. बदललेले ब्लॉक शून्य. न वाचता आलेल्या जागा शून्य. डेटा केबलमधल्या चुका ३. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे आज लिहून ठेवला, वाढला तर कळेल. शिल्लक आयुष्य ७१ टक्के.

एकूण लिखाणाचा आकडा वाचताना घोळ झाला. २४१ क्रमांकाच्या नोंदीत ९३,४१२. काही कंपन्या इथे ५१२ बाइटचे सेक्टर मोजतात, काही ३२ एमबीचे गठ्ठे, काही जीबी. सेक्टर धरले तर अडीच वर्षांत जेमतेम ४८ एमबी लिहिलं असं होतं. एवढं तर दादा हळदीच्या दोन फोटोंत संपवतो. जीबी धरले तर ९३ टीबी, आणि ते कामाशी जुळतं. माहितीपत्रकात ३६० टीबीपर्यंतची हमी आहे. म्हणजे डिस्क वापरलेली आहे, झिजलेली नाही.

खरी गंमत पुढच्या दोन आकड्यांत. डिस्क चालू झाली ४१२ वेळा. त्यापैकी नीट बंद न करता पॉवर गेली १४३ वेळा! स्टुडिओत इन्व्हर्टर असताना?

दादाला फोन करून इन्व्हर्टरच्या मागचा छोटा स्विच बघायला सांगितला. दोन खुणा असतात, एक घरगुती वापराची आणि एक यूपीएसची. स्विच घरगुतीवर. त्या मोडवर लाइट गेल्यापासून बॅटरीवर यायला इन्व्हर्टर जरा जास्त वेळ घेतो. पंख्याला आणि ट्यूबला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. शिवाय त्या मोडवर व्होल्टेज बरंच खाली आलं तरी इन्व्हर्टर तेच पुढे ढकलतो. अडीच वर्षं आम्ही डब्याला पंख्यासारखं वागवलं. साध्या एसएसडीत अचानक पॉवर गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारे कपॅसिटर नसतात, ते महागड्या सर्व्हरवाल्या डिस्कमध्ये. १४३ झटके खाऊनही ही शाबूत आहे, याचं मला जास्त आश्चर्य.

११ मे, रविवार

दादाचं म्हणणं साधं. डिस्क चांगली आहे ना, मग एक नवी आण आणि परत तिघींचा अ‍ॅरे बांध.

मी नाही म्हटलं. तो चिडला. “अरे, तूच म्हनतो चांगली शे, आनि तूच वापरत नही!”

वापरायची आहेच. प्रश्न कुठे वापरायची हा आहे. रेडची कल्पना मांडणारा पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांचा बर्कलेतला निबंध १९८८ चा. तेव्हा RAID या नावातल्या ‘आय’चा अर्थ होता इनएक्स्पेन्सिव्ह, म्हणजे स्वस्त. पुढे लोक त्याचा अर्थ इंडिपेंडंट, म्हणजे ‘स्वतंत्र’ असा लावू लागले. आणि सगळी मेख त्या स्वतंत्र शब्दात आहे. एक डिस्क मेल्यावर दुसरी मरायला वेगळं कारण लागलं पाहिजे. आमच्या तिन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या. तास सारखे, झटके सारखे, त्यात दोघींची वायर एक. २०१९ मध्ये एका मोठ्या सर्व्हर कंपनीला सूचना काढावी लागली होती, की आमच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील, फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्रॅम, बदला. ३ वर्षं २७० दिवस ८ तास. एकाच वेळी सुरू केलेल्या डिस्कचा अ‍ॅरे असेल, तर सगळ्या एकाच मिनिटाला राम म्हणणार. तिथे पॅरिटी काय करणार?

आमच्या डिस्कमध्ये तो दोष आहे असं नाही. पण नव्या डब्यात दोन मोठ्या हार्ड डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वायरीवर. एसएसडींना त्यात प्रवेश नाही. दादा “बरं बुवा” म्हणाला. पटलंय असं वाटलं नाही.

१४ मे, बुधवार

डिस्क दुसऱ्या कामाला लावण्याआधी एक बघायचं होतं. लोक म्हणतात, रेड-५ मधली एकटी डिस्क म्हणजे फाडलेल्या पत्राचा एक तुकडा, कुणाच्या हाती लागली तरी वाचता येत नाही. २ नंबरची प्रत होतीच. तिच्यावर फोटोरेक, म्हणजे हरवलेल्या फाइल शोधणारं सॉफ्टवेअर, चालवलं.

चहा संपायच्या आत फोटो येऊ लागले.

कारण सोपं आहे. एमडीएडीएम, म्हणजे ज्याने अ‍ॅरे बांधला तो लिनक्सचा प्रोग्रॅम, डेटाचे ५१२ केबीचे तुकडे करतो आणि आळीपाळीने डिस्कवर ठेवतो. मोठा व्हिडिओ तीन डिस्कवर विखुरतो खरा, पण ५१२ केबीपेक्षा लहान फाइल बरेचदा एका डिस्कवर अख्खीच बसते. अल्बमचे छोटे प्रीव्ह्यू, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो, ऑर्डरच्या पावत्या, गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी, कुणाच्या तरी आधारकार्डाचं स्कॅन. एक फोटो बराच वेळ समोर राहिला. गालाला हळद लागलेली मुलगी, मागे कुणीतरी तिची वेणी घालतंय, कॅमेरा आहे हे दोघींनाही माहीत नाही. दादाने तो अल्बममध्येसुद्धा घेतला नसणार. आणि मी ही डिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लावून देणार होतो, नुसती फॉरमॅट मारून.

फोटोरेकने काढलेलं सगळं पुसलं. डिस्कही नीट पुसायची.

१५ मे, गुरुवार

आज फसलो. लिहून ठेवतो.

जुनं पार्टिशन उडवलं, नवा तक्ता, नवं पार्टिशन, आणि फॉरमॅट करायला गेलो तर उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय? पाहिलं तर ‘एमडी१२७’ नावाचा एक अ‍ॅरे आपोआप उभा राहिलेला. एकाच डिस्कचा, निष्क्रिय, पण ताबा सोडत नाही.

सातबाऱ्यासारखा प्रकार. शेत विकलं, बांध मोडला, नवा मालक नांगर घेऊन आला, पण फेरफार केलाच नाही. उताऱ्यावर नाव जुन्याचंच. अ‍ॅरेची ओळख, म्हणजे सुपरब्लॉक, पार्टिशनच्या तक्त्यात नसते. सध्याच्या १.२ पद्धतीत ती पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबी आत बसलेली असते. मी तक्ता बदलला, ती जागा कुणी पुसलीच नव्हती. आणि नवं पार्टिशनही आपोआप त्याच १ एमबीच्या खुणेपासून सुरू झालं, त्यामुळे जुनी ओळख बरोबर जिथे असायला हवी तिथेच सापडली. लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला वाटलं, आली ही परत.

एमडी१२७ थांबवला. पार्टिशनवरचा सुपरब्लॉक शून्य केला. मग वाइपएफएस या प्रोग्रॅमने डिस्कवरच्या उरलेल्या खुणा काढल्या, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते तीही. खरा क्रम उलटा हवा होता. आधी सुपरब्लॉक, मग पार्टिशन. हार्डवेअर रेड कार्डावरून उतरलेल्या डिस्कच्या बाबतीत तर आणखी जपून, कारण काही कार्डं आपली नोंद डिस्कच्या शेपटीला लिहितात आणि सुरुवातीची जागा कितीही घासली तरी ती तशीच राहते.

उद्या-परवा सगळीच डिस्क पुसायची होती, मग हा खटाटोप आजच कशाला? हात शिवशिवत होते, दुसरं काय.

१७ मे, शनिवार

एसएसडीवर वरून शून्य लिहिली तरी सगळं पुसलं जात नाही. आत दिसते त्यापेक्षा जास्त जागा असते. कंट्रोलर झीज वाटून घ्यायला डेटा सतत इकडून तिकडे हलवतो आणि जुनी पानं मागे राहतात. म्हणून डिस्कलाच सांगायचं, तुझं तू पूस. त्याला सिक्युअर इरेज म्हणतात.

पहिल्यांदा नकार. डिस्क ‘फ्रोझन’. बहुतेक बायोस सुरू होतानाच डिस्कला हे कुलूप लावतात, कुणी चुकून किंवा मुद्दाम पासवर्ड टाकू नये म्हणून. उपाय ऐकायला जादूटोण्यासारखा वाटतो. पीसी झोपवायचा, पुन्हा उठवायचा. जागं होताना ते कुलूप लावायचं राहून जातं. चाललं.

मग डिस्कला तात्पुरता पासवर्ड द्यावा लागतो, इरेज पूर्ण झालं की तो आपोआप निघतो. मधेच लाइट गेली तर डिस्क त्या पासवर्डासह बंद. म्हणून पासवर्ड वहीत लिहिला, पीसी इन्व्हर्टरवर घेतला आणि इन्व्हर्टरचा स्विच दोनदा तपासला. यूएसबीच्या डबीतून हा उद्योग करायचा नाही. बऱ्याच डब्या हा आदेश पुढे धाडत नाहीत. डिस्कने अंदाज दिला दोन मिनिटांचा, काम झालं अकरा सेकंदांत. पहिले काही जीबी वाचून पाहिले, नुसती शून्यं. फोटोरेकला पुन्हा बसवलं, त्याच्या हाती काही लागलं नाही.

१८ मे, रविवार

एकदा पूर्ण भरून लिहायची, पूर्ण वाचून ताडायची. एकदाच, परत परत चाचणी घेत बसलो तर चाचणीच डिस्कचं आयुष्य खाते.

सुरुवातीचे काही जीबी सेकंदाला ४९० एमबीने, कॅश संपल्यावर ११० च्या आसपास. अडीच तास. वाचताना ५१० ने, अर्ध्या तासात. चूक एकही नाही. दुपारी अडीचला डिस्क ५८ अंशांवर होती. खोलीत ४१ असताना तिच्याकडून आणखी काय अपेक्षा. केबल-चुकांचा आकडा ३ वरच.

दादाची एक जुनी तक्रार आठवली, की डबा पहिल्या वर्षी पळायचा, नंतर जड झाला. त्याचं कारणही बहुतेक इथेच आहे. कोणत्या जागा रिकाम्या झाल्या ते डिस्कला कळवायला ट्रिम लागतं, आणि लिनक्सचा रेड-५ ते डिस्कपर्यंत पोहोचवत नाही, मुद्दाम सांगितल्याशिवाय. ट्रिम झालेली जागा वाचल्यावर प्रत्येक डिस्क खात्रीने शून्यच देईल याचा भरवसा नसतो, आणि तसं झालं नाही तर पॅरिटीचं गणित मोडतं. म्हणून ही सावधगिरी. अडीच वर्षं या डिस्कच्या हिशेबी पुसलेलं काहीच नव्हतं. सगळा वाडा अडगळीने भरलेला, आणि आम्ही म्हणायचो वाडा लहान आहे.

२० मे, मंगळवार

काम ठरलं. एडिटिंगच्या पीसीत स्क्रॅच डिस्क. प्रॉक्सी म्हणजे व्हिडिओच्या हलक्या प्रती, रेंडरच्या तात्पुरत्या फाइल, कॅश. उद्या ही मेली तर दादाचा अर्धा दिवस जाईल, कुणाचं लग्न जाणार नाही. दहा टक्के जागा पार्टिशन न करता मोकळी ठेवली आणि आठवड्याला ट्रिम लावलं. पॉवर सरळ एसएमपीएसच्या प्लगमधून. वाय केबल कापून कचऱ्यात टाकली. नुसती टाकली असती तर दादाने उचलून ठेवली असती, मला माहीत आहे.

दादाला ती बॅकअपसाठी लोखंडी कपाटात ठेवायची होती. त्याला नाही म्हणायचं कारण ऊन. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे साध्या एसएसडीने, हमीतलं सगळं लिखाण संपल्यावरसुद्धा, पॉवरशिवाय ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवायचा असतो. आमची इतकी झिजलेली नाही हे खरं. पण ते ३० अंश आमच्याकडे कपाटात कधी असतात? पत्र्याखाली, मेमध्ये? तापमान वाढलं की पेशींतला चार्ज लवकर गळतो. कपाटासाठी हार्ड डिस्क. दर रविवारी एक प्रत, आणि ती अमळनेरला मामांकडे. मामांच्या घराला स्लॅब आहे.

१ नंबरची डिस्क तपासली, तीही चांगली आहे. तिला पण असंच पुसून भाच्याला देणार. ३ नंबर ड्रिलने भोक पाडून फेकली. न दिसणाऱ्या डिस्कला पुसता येत नाही, आणि आतल्या चिपमध्ये हळदीच्या मुली असू शकतात. चिपवरूनच भोक गेलं पाहिजे. पहिलं माझं मोकळ्या पत्र्यातूनच गेलं होतं.

२० जून, शुक्रवार

महिन्याची नोंद. लिखाण ९८,१०४ जीबी. केबल-चुका ३. अचानक पॉवर जाण्याचा आकडा १४३, जागचा हलला नाही. या महिन्यात पारोळ्यात लाइट किती वेळा गेली ते दादाने मोजायचं सोडून दिलंय. मिररची प्रत अमळनेरला दोन रविवार चुकली.

२ ऑगस्ट, शनिवार

उद्या कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी, बसणार, म्हणून आज आम्ही सगळेच पारोळ्याला. जाता जाता आकडे पाहिले. केबल-चुका ३. अचानक पॉवर १४४.

दादा म्हणाला, लाइट गेलीच नाही आठवडाभर. इन्व्हर्टरचा स्विच यूपीएसवरच. वायर घट्ट. अर्धा तास शोधलं. मग स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, सकाळी रोटांचे गहू दळायला घरघंटीला प्लग मोकळा नव्हता, म्हणून तिने तिथला एक काढला होता.

“कोनता काढा व्हता, मावशी?”

“काय मालूम भो. गरम लागना तो.”